त्याच खडकाचे फोटो

नमस्कार श्रोतेहो.

मालवणला किंवा तारकर्लीला डायव्हिंग करून गेलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये पाण्याखालचा एखादा तरी फोटो असतोच. मास्क लावलेला चेहरा, भोवती पट्टेरी मासे, मागे हिरवट पाणी. घरी गेल्यावर चारचौघांना दाखवला जातो आणि मग तो मोबाइलमध्येच राहतो. त्यात वावगं काही नाही. पण असे फोटो वर्षानुवर्षं, नेटाने काढत राहिलं तर त्यातून समुद्रासाठी केवढं काम उभं राहतं, हे आमच्या इथल्या एका छांदिष्ट माणसाने दाखवलंय. आज त्यांच्याविषयी बोलायचंय. नाव जाहीर झालेलं त्यांना रुचणार नाही. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो.

काका वीज खात्यात वायरमन होते. पावसाळ्यात झाड पडून लाइन तुटली की रात्री-अपरात्री खांबावर, आणि पाऊस सरून पाणी निवळलं की सुट्टीच्या दिवशी समुद्रात. आता निवृत्त आहेत, त्यामुळे सुट्टीची वाट बघावी लागत नाही. कॅलेंडरवर तिथी मात्र आजही बघतात. पुनव-अवसेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, तळची रेती उठते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ मिळतं. डायव्हिंगच्या पुस्तकात हे असेलही. काकांना ते रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी सांगितलं.

कॅमेरा पाण्यात न्यायचा तर त्याला हाउसिंग लागतं, म्हणजे पाणी आत न शिरणारी भक्कम पेटी. त्या पेटीच्या झाकणाला एक बारीक रबरी रिंग असते, ओ-रिंग. दहा मीटर खाली गेलं की दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, आणि पाणी अडवून धरायचं काम ही एवढीशी रिंग करते. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा एखादा केस राहिला तरी कॅमेऱ्यात पाणी. काका आदल्या रात्री जेवणं आटपली की पंखा बंद करून बसतात, कारण वाऱ्याने धूळ येऊन चिकटते. रिंग काढून दिव्याखाली चिमटीत धरतात आणि हळूहळू गोल फिरवत नेतात. डोळ्याला न दिसलेला कण बोटाला लागतो. मग सिलिकॉन ग्रीस, रिंग जेमतेम चमकेल एवढंच. कुणी नवा मुलगा कॅमेरा घेऊन आला की पहिला धडा हाच. पुण्या-मुंबईहून फोन करून विचारणाऱ्यालाही ते तितक्याच सावकाश समजावतात. महागड्या अनुभवाने कमावलेली माहिती लोक सहसा जपून ठेवतात. काकांनी ती कधीच ठेवली नाही, आणि माझ्या मते त्यांचं अर्धं काम इथेच झालंय.

दुसरा धडा उजेडाचा. पाणी तांबडा रंग सगळ्यात आधी गिळतं. पाचेक मीटरवरच तांबडा मासा मळकट दिसायला लागतो. म्हणून स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, वापरावा लागतो. पण आपल्याकडे खाड्यांतून गाळ येतो, पाण्यात कण तरंगत असतात. फ्लॅश लेन्सला चिकटून लावला तर समोरचे सगळे कण उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. स्ट्रोब दोन बाजूंना लांब धरायचे, तोंडं किंचित बाहेर वळवायची आणि विषयाच्या होईल तितकं जवळ जायचं. जवळ जायचं म्हणजे टेकायचं मात्र नाही. तळावर पायातली फिन आपटली की वर येताच काकांचं ठरलेलं वाक्य: "धूळ उडयलंस, आता अर्धो तास काय दिसाचा नाय." शिवाय आपल्या खडकांवरचं प्रवाळ जिवंत असतं, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला धरून तोल सावरायचा नाही, ते मोडणं हा गुन्हाही आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. काका दर हंगामात एकाच खडकाचे फोटो काढतात. तोच खडक, तीच बाजू, जमेल तितकं तेच अंतर. शेजारी एक पांढरी पाटी धरतात. तिच्यावर तारीख आणि खोली लिहिलेली, कडेला सेंटिमीटरच्या खुणा. पाटी पांढरी असली की रंग किती बदललाय ते नंतर ताडून बघता येतं. बघणाऱ्याला हे फोटो कंटाळवाणे वाटतात. प्रदर्शनात लावावेत असे नाहीतच ते.

पण प्रवाळाचं असं आहे. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा समुद्र एखादा अंशच जास्त तापला आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. रंग आणि बरंचसं अन्न त्या शेवाळाकडून येतं, म्हणून ते पांढरंफटक पडतं. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नव्हे. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं, रंग भरतो. नाही निवलं तर त्या सांगाड्यावर दुसरंच शेवाळ चढतं आणि ते प्रवाळ संपतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने जगभरच्या प्रवाळांवर अशी चौथी लाट आल्याचं जाहीर केलं. आता आपल्या खडकावर दिसलेला पांढरा डाग त्या लाटेतला की आधीचा? तो नंतर भरून आला का? एका फोटोवरून हे कुणीच सांगू शकत नाही, कितीही मोठा शास्त्रज्ञ असो. आधीचा आणि नंतरचा फोटो हवा, तोही त्याच जागेचा. संशोधक मोहीम काढून येतात, काम करतात आणि जातात. दर हंगामात त्याच खडकाशी उतरायला जवळ राहणारा माणूस लागतो.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा आणि पद्मगडाकडचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभ्याचा. नकाशावर एवढासा दिसतो, पण त्यातल्या प्रत्येक कपारीवर नजर ठेवायची म्हटलं तर सरकारी माणसं कुठून पुरणार? आणि विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेचं, म्हणजे पाण्याखालच्या त्या प्रवाळाच्या पठाराचं तर बोलूच नका, तिथे पोचायलाच जहाज लागतं. किनाऱ्याजवळचं तरी आपण करू शकतो.

फोटोचा उपयोग फक्त प्रवाळापुरता नाही. व्हेल शार्क आपल्याकडे अधूनमधून जाळ्यात सापडतो. २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी, प्रत्येकाची वेगळी. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांचे फोटो जुळवायला जी पद्धत वापरत, तीच या ठिपक्यांना लावून एकेक मासा ओळखता येतो. त्यासाठी जगभरच्या हौशी डायव्हरांचे फोटो कामी आले आहेत. फोटो काढायचा तो शक्यतो डाव्या कुशीचा, कल्ल्यांच्या मागचा भाग पुरा येईल असा.

म्हणून काका रापणकरांना आणि ट्रॉलरवरच्या पोरांनाही हे सांगत फिरतात. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर राज्य सरकारकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, २०१८ पासून ही योजना आहे. तिच्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तोच फोटो नीट काढला तर भरपाईही मिळते आणि माशाची नोंदही होते. पण आधी मासा मोकळा करायचा, फोटोसाठी त्याला ताटकळत ठेवायचं नाही.

जाता जाता एक कामाची सूचना. या हंगामात तुम्ही पाण्याखाली किंवा होडीवरून काही टिपलंत, तर आधी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना ते बघा. तारीख, जागा, खोली त्याच दिवशी लिहा. आणि कुणा अभ्यासकाला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवाल तेव्हा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबून लहान केला जातो आणि आतली तारीख-ठिकाणाची नोंद पुसली जाते. मूळ फाइल तुमच्याकडेही राहू द्या, पुढच्या वर्षी त्याच खडकाशी ताडायला लागेल.

नमस्कार.