बत्तीस फुटांचं घर

(दृश्य : सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातला एक मरीना, म्हणजे खासगी बोटी लावायचा धक्का. धक्क्याला लागलेल्या शिडाच्या बोटी.)

या रांगेतली ही जाडजूड, पुढून-मागून सारखीच निमुळती होत गेलेली बोट लगेच नजरेत भरते. वेस्टसेल 32, घर करून राहता येईल अशी शिडाची बोट. कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथल्या कंपनीनं 1970च्या दशकात अशा आठशेच्या वर बोटी तयार केल्या. लांबी 32 फूट, रुंदी 11 फूट, वजन नऊ टनांच्या आसपास. पुष्कळांनी कारखान्यातून नुसतं फायबरचं कवच उचललं आणि आतला ओटा, कपाटं, झोपायचे बाक स्वतःच्या हातांनी ठोकले. त्यामुळे दोन वेस्टसेल आतून सारख्या सापडणं कठीण. एकीतलं सुतारकाम बघत राहावं असं, तर दुसरीत कपाट लावायला गुडघा टेकवावा लागतो.

मंद वाऱ्यात ही बोट हलता हलत नाही, म्हणून तिची थट्टाही भरपूर होते. पण ऑक्टोबर 1991मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठं वादळ झालं, तेव्हा 'सॅटोरी' नावाच्या वेस्टसेलवरच्या माणसांना तटरक्षक दलानं उतरवून घेतलं. रिकामी बोट एकटीच वाहत मेरीलँडच्या वाळूला लागली. फारशी मोडतोड नाही. पुढे ती पुन्हा पाण्यात गेली.

(दृश्य : जुने आराखडे. मग मुंबई, कुलाबा.)

ही घडण मूळची नॉर्वेची. तिथल्या कॉलिन आर्चर यांच्या बोटींवरून अमेरिकेच्या विल्यम ॲटकिन यांनी 1920च्या दशकात 'एरिक' नावाचा आराखडा काढला. त्याच आराखड्यावरून पुढे वेस्टसेल आली. आणि त्याआधी, त्याच आराखड्यावरून, आपल्या मुंबईत एक बोट बांधली गेली होती. 'सुहेली'.

व्यापारी जहाजावरचे तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती कुलाब्यात सागवानात बांधून घेतली. वाकसानं लाकूड तासणाऱ्या आणि सामत्यानं भोकं पाडणाऱ्या इथल्या सुतारांनी. 1964च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. जून 1968मध्ये हीच बोट घेऊन ते इंग्लंडमधल्या फालमथहून एकटे निघाले, आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969ला, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते जगातले पहिले. वाटेत अटलांटिकमध्ये फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं, तेव्हा बोटीखाली बुडी मारून त्यांनी ती फट कापूस ठासून बंद केली. ज्या सुतारांच्या हातची ती बोट, त्यांची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

(दृश्य : वेस्टसेलच्या आत. पायऱ्या, ओटा, दिवा.)

आता मुक्कामाचं बोलू. बोटीवर राहायचं ठरवलं की मरीनात जागा मिळणं हीच पहिली परीक्षा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात मरीनातल्या दहा टक्क्यांहून जास्त जागा कायम राहणाऱ्यांना देता येत नाहीत. जागा मिळाली तरी संडासाचं पाणी समुद्रात सोडता येत नाही. ते टाकीत साठवायचं आणि पंपाच्या धक्क्यावर उपसून द्यायचं. हिवाळ्यात माणसाच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतीवर जमते, गादीखालून ओल येते, चामड्याच्या बुटांवर बुरशी चढते. सकाळी गादी उभी करून ठेवणं, हा इथं नित्यनेम.

पण हे सगळं सोसण्यासारखं. खरी झोप उडते ती धातूमुळे. पन्नास वर्षांच्या बोटीचं फायबर बहुधा शाबूत असतं. थकतं ते त्याला बोल्टनं जोडलेलं सामान. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना अडकतात, त्या स्टेनलेस स्टीलच्या. हे स्टील गंजत नाही, हा समज स्वयंपाकघरातल्या भांड्यांपुरता ठीक आहे. बोल्टच्या मागे, जिथं खारं पाणी मुरतं आणि हवा पोचत नाही, तिथं ते आतल्या आत चिरतं. बाहेरून पट्टी चकचकीत दिसत राहते. बोटीच्या टोकातून पुढे आलेल्या लाकडी दांड्याचंही तेच: वरून रंग नवा, आत भुसा. तो मोडला की पुढची तार सैल पडते आणि काठीचा भरवसा राहत नाही. हे सगळं उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि उघडायचं म्हणजे आधी कपाटं काढायची. ज्यानं ती 1975 साली अंगणात ठोकली, त्यानं पुढच्या मालकाचा विचार केला असेल असं दिसत नाही.

(दृश्य : समुद्रावर 'बायानत'.)

तरीही या वयाच्या बोटी मोडीत निघालेल्या नाहीत. सुहेलीचा तो प्रवास गोल्डन ग्लोब या एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीतला. त्याला 50 वर्षं झाली तेव्हा पुन्हा सुरू झालेली ही शर्यत मुद्दाम अशाच बोटींसाठी आहे: 32 ते 36 फूट, आराखडा 1988च्या आधीचा. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी 2018मध्ये गोव्यात बांधलेली सुहेलीची प्रतिकृती, 'तुरीया', घेऊन उतरले. हिंदी महासागरात काठ्या मोडल्या, पाठीला जबर दुखापत झाली, फ्रेंच जहाजानं वाचवलं. पुढच्याच शर्यतीत ते 'बायानत' या रस्टलर 36 बोटीतून दुसरे आले. एप्रिल 2023.

(दृश्य : कोरड्या आवारात ठोकळ्यांवर उभ्या बोटी.)

ग्रीनिचच्या संग्रहालयात काही वर्षं ठेवलेली सुहेली तिथल्या कोरड्या हवेत आटू लागली, फळ्या आक्रसल्या. शेवटी मालकांनी ती परत नेली. फायबरचं कवच आटत नाही, कुजत नाही, आणि तीच अडचण आहे. नको झालेल्या बोटी ताब्यात घेऊन मोडण्यासाठी कॅलिफोर्निया सरकारला योजना चालवावी लागते. काही मालक जुनी बोट फुकट द्यायलाही तयार असतात, ते यामुळेच.

अशी बोट घेणारा आधी ती क्रेननं पाण्याबाहेर काढतो. तपासनीस हातोडीनं डेकवर टकटक करत फिरतो. फायबरच्या थरांमधलं प्लायवूड कुजलं असेल तिथं आवाज बद्द येतो. तो अहवाल विमा कंपनी मागते, विम्याचा कागद मरीना मागतो. आणि काठीच्या तारा दहा-पंधरा वर्षांहून जुन्या निघाल्या, तर बऱ्याचदा उत्तर येतं: आधी त्या बदला, मग अर्ज करा.