काळी चार

(दृश्य: पहाटेचा अंधार. ओसरीवर एकच बल्ब. परातीत कणीक मळणारे हात.)

ही कणीक पोळ्यांची नाही, पखवाजाची आहे.

पखवाजाला दोन तोंडं. उजव्या तोंडावर काळी शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, दर वेळी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठं पखवाज पोटातून बोलतो. वाजवून झालं की खरवडून काढायची. मळणारी पोरगी बारावीला आहे. तिची आजी शेजारी बसून म्हणते, "घरात जवारीची भाकर, अन् ह्याला मात्र गव्हाचं!" हे ती दर एकादशीला म्हणते.

(दृश्य: उजाडतंय. डोंगरउतारावरची घरं, पत्रे, एक लिंब.)

बीड जिल्हा, धारूर तालुका. बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव. मी इथली सून. आमच्या महिला भजनी मंडळात आम्ही चौदा जणी. पुढं म्हणणार माझी थोरली जाऊ, अक्का. पेटीवर गल्लीतल्या वहिनी. पखवाजावर ही पोरगी. आणि माझ्यासारख्या बाकीच्या मागं म्हणणाऱ्या, हातात टाळ. पुढचीनं एक चरण टाकला की तो उचलून धरायचा, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पुढची श्वास कुठं घेणार हे तिच्या खांद्यांवरून ओळखायचं असतं, आणि तिचा श्वास सुटायच्या आत आपला सुरू झालेला पाहिजे. मध्ये फट पडली की गेलं.

मंडळ सुरू केलं माझ्या सासूबाईंनी. त्यांना आम्ही सगळ्या आत्या म्हणतो. तेव्हा पेटी नव्हती, पखवाज नव्हता. चार जोड्या टाळ होते, तेही देवळातले, मागून आणलेले.

(दृश्य: सप्ताहाची जुनी पत्रिका, कॅमेरा ओळींवरून खाली सरकतो.)

अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका पाहिलीत? पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर जागर. आणि दुपारी दोन ते चार, महिला भजन. दुपारी दोन वाजता कोण असतं मंडपात? जेवून आडवे झालेले म्हातारे, आणि माईकवाला, तोही डुलक्या घेत. त्यात वीज गेली तर माईकही नाही. आम्ही वर्षानुवर्षं त्या दोन तासांत म्हणत आलो. तक्रार नव्हती. गावात दुसरी वेळ बायांना असते, हेच ठाऊक नव्हतं.

अडचण वेळेची नव्हतीच, पट्टीची होती.

पखवाज वाजवायला शेजारच्या गावचा गडी यायचा. चांगला वाजवायचा. पण त्याचा पखवाज पुरुषांच्या पट्टीत लावलेला, काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी 'सा' धरून. आता पखवाजाची पट्टी गट्टे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकून थोडी इकडं-तिकडं होते, फार नाही. त्यामुळं आम्ही त्याच्या पट्टीत म्हणायचो. धृपद निभावून जायचं. चरण वर चढला की अक्काच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि मागं आम्ही नुसत्या ओरडायचो. खाली घ्यावं तर आवाज पुटपुटल्यासारखा. लोक म्हणायचे, बायांचं भजन म्हणजे किंचाळणं. आम्हालाही ते खरंच वाटायचं. सगळ्यांचे गळे वाईट आहेत, असं समजून आम्ही बारा वर्षं गायलो.

मग वहिनी पेटी शिकल्या. थोडं एका म्हाताऱ्या मास्तरांकडून, जास्त मोबाईलवर बघून. एक दिवस देवळात त्यांनी काळी चार दाबली आणि म्हणाल्या, "अक्का, हिच्यात म्हणा बरं."

अक्कानं 'सुंदर ते ध्यान' घेतलं. रूपाचा अभंग, भजनाची सुरुवात त्यानंच होते. चरण आला, वर गेला, आणि अक्का वर गेलीच नाही, म्हणजे गेली, पण बसल्या जागी. कुणीच काही बोललं नाही. आत्या तेवढ्या म्हणाल्या, "आगं, कामून आधी न्हाई सांगितलं कुणी?"

बचतगटातून कर्ज काढून काळी चारचा पखवाज घेतला. गट्टे ठोकायची हातोडी दुकानदारानं वर दिली.

(दृश्य: धारूरचं बसस्थानक. मांडीवर पेटी घेऊन बसलेली बाई.)

हे चित्रण २०२३ च्या अधिक महिन्यातलं. अधिक श्रावण होता. याआधीचा अधिक श्रावण २००४ साली येऊन गेला होता, एकोणीस वर्षांनी पुन्हा आला. आमच्याकडं याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, पुरणाचे धोंडे करायचे. महिना जावयाचा, घाम सासूचा. तरी सगळ्याजणी गावाबाहेर भजनाला निघाल्या, कारण याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं होतं. आत्यांचं तर पंचाहत्तरीच्या पुढचं, फुकट. याआधी क्रुझर करायची म्हटलं की घरोघरी पैशांचा विषय निघायचा, आणि तो निघाला की बेत मोडायचा. आता "किती लागतील?" या प्रश्नाला उत्तर एवढं लहान होतं की कुणाला नाही म्हणता येईना.

वाहकानं पेटीकडं बोट दाखवून विचारलं, "मावशी, हिचं हाफ का फुल?"

आत्या म्हणाल्या, "बाईच हाय ती. हाफ."

(दृश्य: खिडकीतून दिसणारी कापसाची, सोयाबीनची शेतं. मग माजलगाव. मग टमटम.)

चौदा जणींपैकी बऱ्याच जणींनी बीड जिल्ह्याबाहेरची गावं पाहिलेली आहेत, ही गोष्ट बाहेरच्यांना नवल वाटेल. दसरा झाला की आमच्याकडून टोळ्या निघतात ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. अक्काही जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेबही कोयत्यावर होतो. त्यात बाई अर्धी. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, रात्री-बेरात्री. परत येते तेव्हा पाडवा आलेला असतो आणि पाचटाच्या धुळीनं अक्काचा आवाज बसलेला असतो. चैत्रभर ती नुसती टाळ वाजवते. म्हणून आमचं मंडळ वर्षाचं नाही, अर्ध्या वर्षाचं आहे.

तेव्हा प्रवास आम्हाला नवा नाही. पण कुणी मुकादमानं नेलं नाही, दवाखाना नाही, माहेर नाही, कुणाचा दहावा नाही, आणि तरी गाडीत बसलोय, हे नवं होतं. टमटममध्ये अक्का मला म्हणाली, "पहिल्यांदाच निघालेय बघ, ज्याला हिशोब न्हाई."

(दृश्य: गोदावरीचा घाट. पुरुषोत्तमाचं मंदिर. गर्दी.)

पुरुषोत्तमपुरी. माजलगाव तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण काठावर. अधिक महिना हा पुरुषोत्तम मास, आणि हा पुरुषोत्तमाचा गाव, म्हणून या एका महिन्यात इथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी शांत असतं. गाव जुनं आहे. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२ चा, म्हणजे इसवी सन १३१० चा, ताम्रपट इथं सापडला. सातशे वर्षांपूर्वी राजानं दान दिलेल्या गावात आम्ही धोंडे घेऊन उतरलो. नदीला धोंडे, देवाला धोंडे, आणि मग रांग.

मंडपात नंबर लावला. आमच्या आधी नऊ मंडळं. उन्हाचा कडाका होता. त्या वर्षी पाऊस ऑगस्टात गायबच झाला. आमची पाळी येईपर्यंत पखवाजावरची कणीक वाळून तडकली. पोरीनं पाणी लावलं, तर ती पोपडे धरून निघून आली. पिठाची पुडी घरीच, परातीशेजारी राहिलेली.

पोरगी रडकुंडीला आली. काळी चार लावलेला पखवाज आणि धूम मुकी.

(दृश्य: घाटावर तीन दगडांची चूल, शेजारी पितळी परात.)

घाटाच्या पायऱ्यांवर एक बाई धोंडे उकडत होती. तिच्यापुढं परातीत कणीक. आत्या सरळ तिच्याकडं गेल्या. काय बोलल्या ते कॅमेऱ्यात नाही, लांब होतं. एवढं दिसतं, की त्या बाईनं आधी पखवाजाकडं बघितलं, मग आत्यांकडं, मग पुरण भरायला घेतलेली पारी पुन्हा चुरगाळली आणि गोळा करून दिली. ती परभणीकडची होती. नंतर भजनाला येऊन बसली, आमच्यात, मागच्या रांगेत. टाळ नव्हता म्हणून टाळ्या वाजवत.

धोंड्याच्या कणकेत तेलाचं मोहन असतं. पखवाजाला ते बरं नाही. आवाज थोडा गुळगुळीत येत होता, पोरीला तो खटकत होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतंच. बाकी कुणाला कळलं नाही.

(दृश्य: भजन. अक्काचा चेहरा. मग मागची रांग, एकेक करून.)

अर्धा तास मिळाला. 'जय जय राम कृष्ण हरी', रूपाचा अभंग, दोन अभंग, एक गौळण. आत्यांना नाथांचं भारूड पाहिजे होतं. पैठणचे नाथ म्हणजे वरच्या अंगाचे, याच नदीवरचे. पण वेळ संपली होती. माईक एकच, तो पेटीपुढं. मागं आम्ही बारा जणी बिनमाईकच्या. तरी बघा, तिसऱ्या चरणाला मंडपातली माणसं मागं वळून बघतायत. आवाज कुठून येतोय ते शोधतायत.

माझ्या मते आमचं त्या दिवशीचं गाणं फार चांगलं नव्हतं. गौळणीत लय पळाली, आणि ती पळवली मीच. चित्रफीत पाहताना मला दर वेळी तिथं पुढं सरकवावंसं वाटतं. ठेवली आहे तशीच.

(दृश्य: रात्र. मंडपात ओळीनं झोपलेल्या बाया. पेटी उशाशी.)

दुसऱ्या दिवशी गंगाखेड. परभणी जिल्हा, पण नदी तीच. जनाबाईचं गाव. लहानपणीच बापानं पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी ठेवली, आणि दासी म्हणून राबता राबता तिनं अभंग केले. आमच्या बॅनरवर नाव तिचंच. हातात टाळ घेऊन भरल्या बाजारात जाईन, मला कोण अडवतो बघू, अशा अर्थाचा तिचा अभंग आमच्यातल्या अर्ध्याजणींना तोंडपाठ आहे. प्रत्यक्ष बाजारात जायला मात्र हाफ तिकीट यावं लागलं.

तिथं माईक नव्हता, नंबर नव्हता. देवळात चार माणसं. भारूड तिथं झालं, पूर्ण. आत्या उभ्या राहून नाचल्या, पदर खोचून. गुडघे दुखतात म्हणून बसमध्ये पाय खाली सोडवत नव्हते त्यांना.

परतताना परळीला बस चुकली. दोन तास फलाटावर. कुणीतरी म्हणालं, बसल्या बसल्या एक होऊन जाऊ द्या. पण कुणी म्हटलं नाही. भुका लागल्या होत्या, वडापाव खाल्ले.

(दृश्य: ऑक्टोबर. गावाबाहेर उभा ट्रॅक्टर. भांडी, गोधड्या, शेळी, पोरं.)

दसरा झाला. चौदापैकी पाच जणी निघाल्या, त्यात अक्का. पोरीनं पखवाजाला जुन्या लुगड्याची खोळ शिवली. निघायच्या आदल्या रात्री वहिनींनी पेटीवर काळी चार दाबून धरली, मिनिटभर, आणि अक्काच्या मोबाईलवर ती भरून दिली. नुसता एक सूर. फडावर पेटी कुठली? तिथं रात्री कोपीपुढं, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीपुढं, बाया जमल्या की कुणीही कुठूनही सुरू करतं, आणि मग पुन्हा ते किंचाळणं.

(दृश्य: मोबाईलचा पडदा. कानाशी धरलेला फोन.)

कार्तिकी एकादशीच्या रात्री अक्काचा आवाज आला व्हॉट्सॲपवर. मागं गाडी भरल्याचा आवाज, कुणाचं तरी लेकरू रडतंय. आधी तो सूर ऐकू येतो, बारीक, मोबाईलमधून वाजवलेला. मग अक्का. मग तिच्यामागं बाया, आमच्या पाचच नाहीत, जास्त आहेत. कुठल्या कुठल्या टोळ्यांतल्या असतील.

वहिनींनी पेटी उघडली, भाता ओढला, काळी चारवर बोट ठेवलं आणि फोन कानाजवळ नेला.

"जराशी उतरलीय," त्या म्हणाल्या. "पण जराशीच."