तिसऱ्या दिवसाचा फोन

नमस्कार, श्रोतेहो.

घरच्या कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, की तिसऱ्या दिवशी आम्हा पशुवैद्यांना हमखास एक फोन येतो. पलीकडचा आवाज खुशीत असतो. "डॉक्टर, आमची चिंगी एकदम बरी झाली हो! आज दिवाणावर उडी मारली!" आणि इकडे आमच्या पोटात गोळा येतो.

का, ते सांगतो. नसबंदी म्हटलं की अनेकांना वाटतं, माणसांत करतात तशा नळ्या बांधल्या असतील. कुत्रीत तसं करत नाहीत. पोट उघडून दोन्ही अंडाशयं आणि बहुतेक वेळा गर्भाशय, म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती, काढून टाकतात. एखाद्या बाईची पिशवी काढली तर ती काही दिवस पडून राहते. निदान राहायला हवी. आपल्या घरांतून राहू देतात का, हा वेगळा विषय. कुत्रीला मात्र आपलं पोट उघडलं होतं हे ठाऊकच नसतं. भूल उतरते, वेदनाशामक औषध काम करतं आणि तिसऱ्या दिवशी ती दारावरची बेल वाजली की नेहमीसारखी धावत सुटते.

वरून दिसणारे टाके कातडीचे असतात. खरी भिस्त असते ती आतल्या टाक्यांवर. पोटाचे दोन्ही बाजूंचे स्नायू मधोमध जिथे जुळतात तिथे एक पांढरी चिवट पट्टी असते, ती शिवलेली असते. पहिले तीन ते पाच दिवस या जखमेला स्वतःची ताकद जवळजवळ नसतेच. सगळा भार धाग्यावर. कातडी दहा ते चौदा दिवसांत जुळते, टाके निघतात, घरात पेढे वाटले जातात. पण आतली पट्टी तेव्हाही जेमतेम पाचव्या हिश्शाएवढीच मजबूत झालेली असते. पुरती ताकद यायला काही महिने लागतात. म्हणजे ती दिसायला बरी होते ती आधी, आणि खरोखर बरी होते ती बऱ्याच नंतर. मधल्या दिवसांत तिच्या वतीनं समजूतदारपणा आपण दाखवायचा.

आता पहिल्या रात्रीपासून बघू. घरी आणाल तेव्हा तिची चाल झोकांड्या खाणारी असेल. डोळे चिकट दिसतील. भुलीत पापण्या उघड्या राहतात, म्हणून डोळ्यांत मलम घातलेलं असतं. पुढच्या पायावर केस काढलेला चौकोन दिसेल, तो सलाईनच्या सुईसाठी. ती कण्हेल, विनाकारण रडेल. घरातली माणसं रात्रभर जागतात ती या रडण्यानं. पण यातलं बरंचसं दुखण्यापेक्षा भुलीच्या गुंगीतलं असतं आणि सकाळपर्यंत ओसरतं. श्वासनळीत नळी घातली असेल तर एकदोन दिवस कोरडा खोकलाही येतो.

तिला पलंगावर नाही, जमिनीवर झोपवा. खाली चादर, अंगावर हलकं पांघरूण. भुलीनं अंग गार पडतं, त्यामुळे उन्हाळा असला तरी पंखा थेट अंगावर नको. पाणी थोडं थोडं द्या. खाणं रात्री नेहमीच्या निम्म्याहून कमी: मऊ भात, थोडं उकडलेलं चिकन, नाहीतर दहीभात. फोडणी नको, कांदा-लसूण तर एरवीही नको. एखादी उलटी चालते, पुन्हा पुन्हा झाली तर कळवा. दोनतीन दिवस शी झाली नाही तर घाबरू नका. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलं होतं, पोटात काही नाहीच, तर बाहेर काय येणार?

पहिल्या चोवीस तासांत एक गोष्ट मात्र आवर्जून करा. तिचा वरचा ओठ उचला, हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटानं दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरडी पांढुरकी दिसली, अंग गार लागलं, पोट फुगलं आणि ती उठेना, तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. (काही जातींच्या हिरड्या मुळात काळ्या असतात. तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघा.)

तापाबद्दलही सांगून ठेवतो. नाक कोरडं म्हणजे ताप, हे खरं नाही. कुत्र्याचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, कारण त्याचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट. 103 च्या वर गेलं तर फोन करा.

आता येतो भांडणाच्या मुद्द्याकडे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात ती प्लास्टिकची, फनेलसारखी कॉलर. "बिचारी किती केविलवाणी दिसते, काढून टाकू का?" नाही. केविलवाणी दिसू दे. कुत्र्याची लाळ औषधी असते, चाटलं की जखम लवकर भरते, अशी समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात चाटून कातडी ओली राहते, तोंडातले जंतू आत जातात आणि पुढचे बारीक दात कात्रीसारखे धागा कापतात. सगळं घर झोपलंय अशा एका दुपारी पंधरा मिनिटांत टाक्यांची पूर्ण रांग उसवलेली मी पाहिली आहे. कॉलर नाकाच्या टोकाच्या पुढे यायला हवी, नाहीतर ती मान वळवून पोचतेच. पाण्याचं भांडं पाटावर ठेवा, म्हणजे कॉलर जमिनीला अडत नाही. जेवताना समोर बसून काढलीत तर चालेल, पण तुम्ही उठायच्या आधी ती परत गळ्यात गेली पाहिजे.

कॉलर अजिबातच सहन होत नसेल तर लहान मुलाचा जुना सुती टी-शर्ट उलट्या बाजूनं घाला. गळ्यातून शेपटी, बाह्यांतून मागचे पाय. शर्टाचा उरलेला सैल घेर पाठीवर गाठ मारून बसवायचा. शू करायला नेताना मात्र गुंडाळून वर घ्यावा लागतो, नाहीतर ओला होतो. आणि घरात दुसरा कुत्रा असेल तर तिच्या कॉलरचा उपयोग नाही, कारण तो येऊन चाटतो. त्यांना वेगळं ठेवा.

जखमेला काय लावायचं? डॉक्टरांनी दिलं असेल ते, नाहीतर काहीच नाही. हळद लावू नका. हळदीचा अपमान करायचा नाही मला, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्या पिवळ्या थराखाली लाली आली तरी दिसत नाही. तेल नको, डेटॉल नको, टाके निघेपर्यंत अंघोळही नको. रोज सकाळी त्याच जागी, त्याच उजेडात मोबाइलवर टाक्यांचा फोटो काढा. सूज वाढली की कमी झाली हा घरातला वाद फोटो मिटवतो. टाक्यांखाली दोरीसारखा कडक उंचवटा लागतो, तो भरून येणाऱ्या जखमेचा असतो आणि पुढच्या आठवड्यांत विरतो. पण मऊ, हलणारा, रोज मोठा होणारा फुगवटा, पू, घाण वास, कडा सुटणं, यांतलं काहीही दिसलं तर दाखवायला आणा. आतला मांसल भाग बाहेर डोकावला तर तो आत ढकलायला जाऊ नका. स्वच्छ ओल्या कापडानं झाका, तिला चाटू देऊ नका आणि थेट दवाखाना गाठा.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो: माशी. ओलसर जखमेवर ती अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या वळवळू लागतात. म्हणून गोठ्यात, अंगणात, उघड्या पडवीत राहणाऱ्या कुत्रीला हे पंधरा दिवस घराच्या कोरड्या कोपऱ्यात घ्या. तारीख तुमच्या हातात असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. ऐन माजात आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने ऑपरेशन टाळलेलं बरं. माजात रक्तस्राव जास्त होतो आणि त्यानंतर लगेच केलं तर काही कुत्र्यांत खोट्या गाभणपणाची लक्षणं उमटतात. आणि विसर्जनाच्या किंवा फटाक्यांच्या तोंडावर तर नकोच. आवाजानं घाबरून सैरावैरा धावणाऱ्या कुत्रीला कोणते टाके पुरणार?

वेदनाशामकाबद्दल मी जरा कडक बोलतो. कपाटातली माणसाची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. "अर्धीच दिली हो डॉक्टर" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. कुत्र्याची गोळी वेगळी असते, वजनावर ठरते. दिली असेल तेवढे दिवस द्या, ती छान खेळतेय म्हणून वाढवू नका आणि मनानं बंदही करू नका.

फिरायला न्यायचं, पण पट्ट्यानं, पाच-दहा मिनिटं, शी-शू पुरतं. जिना असेल तर उचलून. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून; पोटाखाली हात नको. तरुण कुत्री चौथ्या दिवसापासून घर डोक्यावर घेते, तेव्हा तिच्या डोक्याला काम द्या. खाण्याचे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, हुंगून शोधू द्या. दहा मिनिटं हुंगण्यात जी दमणूक होते ती फेरफटक्यातही होत नाही.

श्रोत्यांमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांना जेवण देणारेही असतील. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी आपल्याकडे 2001 साली नियम झाले, 2023 मध्ये ते नव्यानं आले. कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, हे त्यात आहे. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला खाच असते. यांचे टाके बहुतेकदा आतच विरघळणारे, काढायला न लागणारे असतात. परत आलेली कुत्री दिसली तर चारपाच दिवस तिच्या पोटाकडे, आणि काही ठिकाणी चीर कुशीत घेतात म्हणून कुशीकडेही, लांबून नजर टाका. हात लावायला जाऊ नका. पकडापकडीच्या आठवणीनं ती चावू शकते. काही वावगं दिसलं तर फोटो काढून नेणाऱ्या संस्थेला पाठवा.

राहिलं वजन. ऑपरेशननंतर शरीराची ऊर्जेची गरज साधारण पंचवीस टक्क्यांनी कमी होते आणि भूक मात्र वाढते. त्यातून दुखणेकरी म्हणून प्रत्येक जण हळूच पोळीचा तुकडा सरकवत असतो, आजोबा सर्वांत पुढे. टाके काढायला याल तेव्हा तिला काट्यावर उभी करा, आकडा फाइलवर लिहून घ्या आणि दर महिन्याला तपासा. रोजचं खाणं त्या आकड्याकडे बघून ठरवायचं, तिच्या डोळ्यांकडे बघून नाही.

नमस्कार.