व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं पुस्तक

पापुआ न्यू गिनीचं मानुस बेट. तिथल्या छावणीत एक माणूस लपवलेला मोबाइल काढतो, फारसीत काही ओळी टाइप करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतो. कागदावर लिहिलं तर पहारेकरी कधीही जप्त करतील. म्हणून सुचेल ते आधी बाहेर धाडायचं.

बेहरूझ बूचानी हा इराणमधला कुर्दी पत्रकार. जुलै २०१३ मध्ये तो होडीनं ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. त्याच महिन्यात तिथल्या सरकारनं ठरवलं होतं, समुद्रातून होडीनं येणाऱ्या आश्रयार्थींना देशात वसू द्यायचं नाही. त्याची रवानगी झाली मानुसला. त्या मेसेजांचं इंग्रजी भाषांतर ओमिद तोफिघियननं केलं आणि २०१८ मध्ये 'नो फ्रेंड बट द माउंटन्स' छापून आलं. पुढच्याच जानेवारीत त्याला व्हिक्टोरियन प्राइझ फॉर लिटरेचर मिळालं, १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं. पुस्तकाचा सत्कार मेलबर्नमध्ये, लेखक अजून बेटावरच. मनोगत व्हिडिओवरून.

या पुस्तकात गद्य चालता चालता तुटतं आणि कविता सुरू होते. समीक्षक त्याला शैली म्हणतात, म्हणोत बापडे. मला त्यात मेसेज जाईपर्यंतची धाकधूक ऐकू येते. निर्वासितांवरचं पुस्तक हातात आलं की मी आता आधी एवढंच बघतो: हे लिहिलं कशावर?

मेक्सिकन लेखिका व्हॅलेरिया लुइसेलीचं उत्तर आहे, सरकारी प्रश्नावलीवर. २०१५ मध्ये ती न्यू यॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात दुभाषी होती. समोर मध्य अमेरिकेतून पालकांशिवाय आलेली मुलं, हातात ४० प्रश्न. पहिलाच प्रश्न, अमेरिकेत का आलास? पोरं अडखळत, मागचं पुढं करत सांगायची; रकान्याला मात्र सरळ उत्तर हवं. तिनं आपलं छोटेखानी पुस्तक त्या ४० प्रश्नांभोवतीच रचलं. तिची लहान लेक घरी विचारायची, त्या मुलांचं पुढं काय झालं? बहुतेकदा आईला ते ठाऊकच नसायचं.

आणि हे एका चित्रकथेतलं पान. पाट्या आहेत, कागदपत्रं आहेत, पण लिपी कुठल्याच देशाची नाही. शॉन टॅनच्या 'द अरायव्हल'मध्ये, २००६ सालच्या या चित्रकथेत, वाचता येईल असा एकही शब्द नाही. परक्या शहरात आलेल्या बाप्याला पाटी कळत नाही, आणि आपल्यालाही. राहायला जागा हवी आहे, हे सांगायचं कसं?

तो वही काढतो आणि पलंगाचं चित्र काढून दाखवतो.