चाकातली चांदी

मंडळी, जून २०२५ पासून आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला विमान जातं. पोचवायला आलेली माणसं पंखांकडे बघतात, मी चाकांकडे. सवय आहे, इलाज नाही.

विमानाचं चाक म्हणजे घडाई केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे दोन अर्धे, बोल्टांनी एकमेकांना आवळलेले. बाहेर टायर, टायरमध्ये नायट्रोजन, आणि चाकाच्या पोकळीत ब्रेकच्या चकत्यांची चळत. विमान थांबवायचं म्हणजे त्याची सगळी धाव या चळतीत उष्णता करून जिरवायची. भरधाव असताना टेकऑफ रद्द करावं लागलं, तर मोठ्या विमानातल्या कार्बनच्या चकत्या हजार अंशांच्या वर जातात. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं! मध्ये उष्णता अडवणारं कवच असतं, तरी धग चाकात उतरतेच. तीही विमान थांबल्यावर, काही मिनिटांनी, सावकाश. त्यासाठी चाकात फ्यूज प्लग बसवतात. ठरावीक तापमानाला त्यांचा गाभा वितळतो आणि टायर फुटण्याऐवजी हवा निघून जाते.

पण खरा प्रश्न वितळण्याचा नाहीच, मऊ पडण्याचा आहे. चाकांसाठी ‘२०१४’ क्रमांकाचा (हे साल नव्हे) अ‍ॅल्युमिनियमचा जुना, भरवशाचा मिश्रधातू. त्यात साडेचार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. आपला साखरेचा जिल्हा, तेव्हा पाकाचंच उदाहरण घेऊ. गरम पाकात जास्त साखर विरघळते, तसं पाचशे अंशांच्या आसपास तांबं अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतं. मग ते पाण्यात झटक्यात थंड करायचं. तांब्याला बाहेर पडायला सवडच द्यायची नाही. पुढे ते हळूहळू सूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर येतं आणि धातू कडक होतो. जर्मनीत आल्फ्रेड विल्मला १९०६ मध्ये हे योगायोगानं सापडलं. नमुना नुसता ठेवून दिला होता, काही दिवसांनी मोजला तर जास्त कडक! माझ्या मते धातुशास्त्रातला सगळ्यात फायद्याचा आळस हाच.

हेच कण पुन्हा पुन्हा तापले की बारीक विरघळतात आणि मोठे फुगतात. कण मोठे, विरळ झाले की ताकद गेली. इथे चांदी कामाला येते. मॅग्नेशियमबरोबर थोडी चांदी घातली की तांब्याचे कण पातळ पापुद्र्यांसारखे तयार होतात, आणि चांदी-मॅग्नेशियमचे अणू त्या पापुद्र्यांच्या अंगावर बसून त्यांना जाड होऊ देत नाहीत. दोनशे अंशांपर्यंत ते बऱ्यापैकी टिकतात. ‘२०४०’ क्रमांकाचा मिश्रधातू याच तत्त्वावरचा. शंभर किलोत साधारण अर्धा किलो चांदी. हसू नका, भाव मलाही माहीत आहे!

भेगांवर मात्र चांदी हा उतारा नाही. टायरची कड जिथे चाकावर टेकते, तिथे पुरेसा खोल ओरखडा किंवा गंजाचा बारीक खड्डाही भेगेला सुरुवात करून देतो. म्हणून टायर बदलायला चाक उघडलं, की ती जागा एडी करंटनं, म्हणजे धातूत विजेचे भोवरे उठवून भेग शोधण्याच्या पद्धतीनं, तपासल्याशिवाय पुन्हा जोडत नाहीत.