वाळूवरची वाट

(कारवार. पहाट. रापणीचा दोर.)

दोर ओला आहे, जड आहे, वाळूने खरखरीत झालाय. दोन्ही टोकांना माणसं रांगेने उभी, टाचा रोवत मागे सरकतायत. होडीने समुद्रात अर्धगोल फिरवून सोडलेलं जाळं हळूहळू काठाला येतंय. या रापणीला धक्का लागत नाही, मोठी बोट लागत नाही. लागते ती लांबच लांब मोकळी वाळू. ती गेली की रापण गेली.

आम्ही बेळगावकडची माणसं. खानापूर, रामनगर, जोयडा करत घाट उतरलो की आम्हाला समुद्र दिसतो. पण भूसंपादन हा शब्द आम्हाला घरचा आहे. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ शेतात यंत्रं शिरली, तेव्हा आमचे शेतकरी आडवे झाले होते.

कारवारलाही हा शब्द ठाऊक आहे. १९८६ साली सीबर्ड नौदल प्रकल्पाची पायाभरणी झाली. १३ गावांची जमीन गेली. देशाला तळ हवा होता, त्याबद्दल वाद नाही. पण अरग्याचा किनारा त्या कुंपणाआड गेला तो गेलाच. पुढे टागोर किनाऱ्यालगत बंदर वाढवायचं काम निघालं, तेव्हा २०२० च्या जानेवारीत मच्छीमार रस्त्यावर उतरले. आता उरलीय तेवढी वाळू तरी सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ज्या कायद्याने जमीन जाते, त्याच कायद्याने ती सगळ्यांसाठी राखता येते, असं मला मनापासून वाटतं. सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम भरतीरेषेजवळच्या बांधकामाला आवर घालतात. दोन हॉटेलांमध्ये २० मीटर रुंद वाट सोडा, असंही ते सांगतात. पण जमिनीची मालकी त्यांच्यामुळे बदलत नाही. प्लॉट विकला जातो, नवा मालक गेट लावतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट एका दुपारी बंद होते.

फ्रान्सने १९७५ साली यासाठी सरकारी संस्थाच काढली. ती किनाऱ्याची जमीन विकत घेते, ठरलेल्या पट्ट्यांत विक्रीला निघालेल्या जमिनीवर पहिला हक्क तिचा असतो, आणि एकदा घेतलेली जमीन सहसा पुन्हा विकली जात नाही. आपल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सार्वजनिक कामांमध्ये पर्यटन आहे. मग लोकांच्या पायाखालची वाळू का नको? मात्र घ्यायची ती मालकाला विचारून, पुरता दाम मोजून. जमीन देणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी आम्ही घराघरांत पाहिलंय.

(जाळं काठाला लागतं.)

तारल्या उसळतायत. पाट्या घेऊन बायका पुढे सरसावल्या. सगळ्यात मागच्या आजी अजून वाटेतच आहेत. दोन माडांच्या वाड्यांमधून येणारी ती वाट जेमतेम चार हात रुंद आहे, आणि जमिनीच्या उताऱ्यावर ती कुठेच नाही.