डाळ शिजत नाही त्या पाण्यातले मासे

(टाकीशेजारी उभा राहून)

नमस्कार मंडळी. मागं ही टाकी दिसतेय, ती समुद्राच्या पाण्याची नाही. रंग बघून घरी येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. हे गोड्या पाण्यातले मासे, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. नाव सिक्लिड. आमच्याकडं दुकानात 'चिकलिड' म्हणतात, आणि गल्लीतले एक काका तर थेट 'चिखलीड'. चिखलाशी यांचा काही संबंध नाही. यांना पाणी लागतं स्वच्छ, आणि जड.

जड म्हणजे कसं, तर अथणीच्या माझ्या आत्याकडं आहे तसं. बोअरचं पाणी. साबणाला फेस नाही, बादलीला आतून पांढरा थर, आणि तूरडाळ चार शिट्ट्या झाल्या तरी दाण्यासारखी दाणा. मी तिच्याकडून दोन कॅन भरून आणले तेव्हा आत्या म्हणाली, "आमची डाळ शिजंना, आणि तुझे मासे ह्यात जगाल्यात व्हय?"

जगतात की! पीएच म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतंय की अल्कलीकडं हे सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधोमध. मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण 7.8 ते 8.6 असतो. ज्या क्षारांना आपण शिव्या घालतो, त्यांच्यातच हे मासे वाढलेले. त्यामुळं चिकोडी, अथणीकडं काळ्या रानात घर असेल आणि पाणी बोअरचं असेल, तर निम्मं काम झालेलं असू शकतं. बेळगाव शहरात मात्र नळाला राकसकोपचं नाहीतर हिडकलचं पाणी. धरणाचं पाणी बोअरपेक्षा हलकं असतं. तेव्हा मासे घ्यायच्या आधी थेंबांचं टेस्ट किट घ्या आणि आपल्या घरचं पाणी मोजा. शेजाऱ्याचं नको, आपलं. एकाच गल्लीत दोन बोअरचं पाणी वेगळं निघतं.

पाणी हलकं निघालं तर? फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत कोरलचे तुकडे घाला. आणि खायचा सोडा. 50 लिटरला एक सपाट चहाचा चमचा घातला तर केएच तीन अंशांच्या आसपास वाढतो. केएच म्हणजे पीएच घसरू न देणारी ताकद. पण सोडा आधी बादलीत विरघळवायचा, मग हळूहळू टाकीत. मासे आत असताना थेट चमचा ओतू नका.

आता टाकी. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, याच्याखाली जाऊ नका. हिच्यात 250 लिटर पाणी बसतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच अडीच क्विंटल वजन. वर काच आणि दगड. टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. लोखंडी स्टँड करून घ्या आणि मध्ये थर्माकोल घाला.

(कॅमेरा खाली, दगडांवर)

दगडांवर मला जरा बोलायचंय, कारण इथंच सगळे चुकतात. या माशांना मलावीत 'म्बुना' म्हणतात, म्हणजे खडकात राहणारे. झाडं लावू नका, उपटून टाकतील. दगड रचा, भरपूर फटी ठेवून. निपाणीकडचा काळा दगड चालतो, तो पाण्यात काही सोडत नाही. खानापूरकडचा जांभा मी घालत नाही, लाल गाळ सोडतो. शहाबादी फरशीचे तुकडे चालतात, तो चुन्याचा दगड, पाणी थोडं जडच करील. ओळखायचं कसं? दगडावर लिंबू पिळा. फेस आला की चुनखडी. आमच्या आईनं मला अंगणात दगडावर लिंबू पिळताना बघितलं आणि विचारलं, "अमावास्या हाय काय रे आज?"

आणि हे विसरू नका, आधी दगड, मग वाळू. हे मासे तोंडानं वाळू उपसतात. वाळूवर दगड ठेवलात तर चार दिवसांत खालची वाळू निघून जाते आणि दगड सरकून काचेवर आपटतो. म्हणून तळाच्या काचेवर फोमचं शीट, त्यावर मोठे दगड घट्ट बसवायचे, मग सभोवती वाळू.

माझी पहिली चूक सांगतो. पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी आठ मासे सोडले. पाचव्या दिवशी एकही शिल्लक नव्हता. दुकानदाराला शिव्या घातल्या, त्याचा काही दोष नव्हता. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. पीएच 7 वरून 8 वर गेला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे ज्या जड पाण्याचं एवढं कौतुक केलं, त्यातच नवी टाकी जास्त घातक. अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहा आणि मोजत राहा. अमोनिया शून्य, त्यातूनच बनणारं नायट्राइट शून्य, मगच मासे. कुणाच्या जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालायचा, नाहीतर तेच जिवाणू मरतात.

मासे कुठले? सुरुवातीला पिवळे, इलेक्ट्रिक येलो. त्यातल्या त्यात शांत. ऑराटस लहानपणी फार देखणा दिसतो, घेऊ नका. नर मोठा झाला की काळा पडतो आणि घरातला गुंड होतो. 'मिक्स आफ्रिकन' म्हणून ट्रेमधले विकतात तेही नको, त्यात संकरित निघतात. एका नराला तीन-चार माद्या. आणि इथं आपली समजूत उलटी करावी लागते, कारण चार मासे ठेवले तर एक दुसऱ्याला मारून टाकतो, पंधरा-सोळा ठेवले तर मार वाटला जातो. अर्थात फिल्टर तेवढा दमदार पाहिजे आणि आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं पाहिजे.

खायला स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाचं खाद्य, आणि वाफवलेला पालक. म्बुनातले बहुतेक दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे. लाडानं सारखं मांस घातलंत तर पोट फुगून मरू शकतात. थंडीत बेळगावची रात्र गार असते, हीटर 25 अंशांवर ठेवा. पावसाळ्यात करंट तासन्तास जातो, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी ठेवा आणि करंट येईपर्यंत खायला घालू नका.

(कॅमेरा काचेजवळ)

ही बघा, डावीकडं, फटीच्या तोंडाशी. पिवळी मादी. गळा फुगलाय, दिसतोय? मध्येच काही चावल्यासारखं करते, पण खात काहीच नाही. तोंडात अंडी आहेत. साधारण तीन आठवडे ती अशीच उपाशी राहते, पिल्लं पोहायला लागली की सोडते. आज सोळावा दिवस. बरेच जण तिला वेगळ्या टाकीत काढतात. मी काढणार नाही. दुसरी टाकी मांडायला जागा नाही, आणि चाळीस पिल्लं घेऊन मी जाऊ कुठं? फटीत शिरतील ती वाचतील. त्या वरच्या निळ्याला मात्र सगळं कळलंय, कालपासून तिथनं हललेला नाही.